साडेचार म्हणजे नऊच्या निम्मा नव्हे: भूकंपाची ताकद मोजतात तरी कशी

हिंगोली जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "मार्च २०२४ मध्ये आमच्या भागात ४.५ रिश्टरचा धक्का बसला. मांडणीवरचे डबे खाली आले. माझा मुलगा म्हणतो, सगळ्यात मोठा भूकंप ९ चा असतो, म्हणजे आपला त्याच्या निम्मा झाला. हे बरोबर का? ही ताकद कोणत्या यंत्रानं मोजतात? आणि किल्लारीचा भूकंप कुठे ६.२ लिहितात, कुठे ६.४. यातलं खरं कोणतं?"

आधी मुलाचं गणित. किलोत साडेचार हे नवाच्या निम्मे, पण भूकंपाचे आकडे किलोसारखे चालत नाहीत. या मोजपट्टीवर एक घर वर सरकलं की यंत्रानं काढलेल्या रेघेची उंची १० पट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन घरं सरकली की ऊर्जा १,००० पट. साडेचारपासून नवापर्यंत अशी साडेचार घरं आहेत. हिशोब केला तर ९ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा जमवायला तुमच्याकडच्यासारखे सुमारे ५६ लाख धक्के लागतील. शिवाय ९ ही काही शेवटची पायरी नाही. यंत्रांनी नोंदलेला आजवरचा सर्वात मोठा भूकंप २२ मे १९६० चा, चिलीतला. तो ९.५ होता.

आता यंत्र. रिश्टर स्केल नावाचं यंत्र जगात कुठेही नाही. मी वेधशाळेत होतो तेव्हा जमीन हलली की अर्ध्या तासात फोन सुरू व्हायचे आणि पलीकडून ठरलेला प्रश्न यायचा, "साहेब, तुमच्या रिश्टर स्केलवर किती आला?" जणू भिंतीवर काटा असलेली तबकडी टांगली आहे आणि आम्ही तिच्यावरचा आकडा वाचून सांगायचा. मी सुरुवातीला समजावून सांगायचो. पुढे सोडून दिलं. मधल्या वेळात दुसरा फोन वाजायचा.

यंत्र असतं ते भूकंपमापक. त्याला एकच गोष्ट कळते: आपल्या पायाखालची जमीन कधी, कुठल्या दिशेला आणि किती हलली. भूकंप कुठे झाला आणि केवढा झाला, हे त्याच्या गावीही नसतं. ते त्या थरथरीवरून उलटं मागे जाऊन काढावं लागतं. सगळे घोळ, सगळे वेगवेगळे आकडे या उलट्या प्रवासात तयार होतात.

यंत्राची कल्पना अगदी साधी. जमीन हलली की जमिनीवरचं सगळंच हलतं, मग हललं किती हे मोजायचं कशाच्या तुलनेत? म्हणून एक वजन असं टांगायचं, की जमीन सरकली तरी ते आळशासारखं जागच्या जागी राहू पाहील. चौकट हलली, वजन मागे राहिलं, आणि दोघांत पडलेला फरक म्हणजे नोंद. अशी मोजणी तीन दिशांनी करतात: वर-खाली, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम. ही यंत्रं ज्या चौथऱ्यावर बसवतात तो खालच्या खडकात रोवलेला असतो आणि खोलीच्या फरशीला कुठेही चिकटलेला नसतो, नाहीतर भूकंपाऐवजी शिपायाची पावलंच नोंदली गेली असती.

माझ्या उमेदीच्या काळात फिरत्या ढोलावर कागद गुंडाळलेला असायचा आणि त्यावर शाईचं पेन चोवीस तास रेघ ओढत राहायचं. रोज सकाळी कागद बदलायचा, पेन पुसायचं, घड्याळ रेडिओवरच्या वेळेशी जुळवायचं. भूकंपशास्त्रात घड्याळ हे निम्मं यंत्र असतं. जूनमध्ये मोसमी वारे आले की पेनाची सरळ रेघ आपोआप जाड आणि नागमोडी व्हायची. अरबी समुद्राच्या लाटा किनाऱ्याला आणि समुद्रतळाला जे धडकत राहतात त्याची ती बारीक थरथर, दर चार-आठ सेकंदांनी येणारी. पावसाळ्यातला कागद आणि उन्हाळ्यातला कागद आम्ही तारीख न बघता वेगळा काढायचो. आता पेनही नाही आणि ढोलही नाही. आजच्या यंत्रात वजनाला हलूच देत नाहीत. ते जागेवर धरून ठेवायला किती विद्युतप्रवाह लागला तेच मोजतात. नोंद आकड्यांच्या रूपात उपग्रहामार्गे केंद्रात पोहोचते आणि काही मिनिटांत पहिला अंदाज पडद्यावर असतो. तरी आतली युक्ती तीच.

एक उदाहरण हातानं सोडवून पाहू. समजा कोयनेच्या परिसरात मध्यम धक्का बसला आणि त्याची नोंद पुण्यात झाली आहे. रेघ आधी शांत. मग अचानक बारीक थरथर सुरू होते: ही पी लहर. खडक दाबत-सोडत येते, सगळ्यात वेगवान, कवचात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. काही सेकंदांनी रेघ एकदम दांडगी होते: ही एस लहर. खडकाला आडवं हलवत येते, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, त्या अंतरावरून आपण वीज किती लांब पडली ते ओळखतो ना, तसंच इथे. दोन लहरींतल्या सेकंदांना साधारण ८ नं गुणलं की किलोमीटर मिळतात. आपल्या कागदावर हा फरक साडेपंधरा सेकंद भरला, म्हणजे भूकंप सुमारे १२५ किलोमीटरवर. पुणे ते कोयनानगर सरळ रेषेत तेवढंच आहे. दिशा एका केंद्रावरून पक्की कळत नाही. तीन-चार केंद्रांच्या अंतरांची वर्तुळं नकाशावर काढली की ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे भूकंप.

आता आकार. पट्टी घेऊन सर्वात उंच हेलकाव्याची उंची मोजायची. समजा मधल्या रेघेपासून ८ मिलिमीटर आली. ८ चा लॉग, म्हणजे ८ मिळवायला १० चा जो घात घ्यावा लागतो तो आकडा, ०.९. पण हाच भूकंप जवळून पाहिला असता तर रेघ आणखी उंच गेली असती, म्हणून अंतराची भरपाई करायची. त्याचा तक्ता असतो. १२५ किलोमीटरला त्यात साधारण ३.१ मिळवतात. बेरीज ४.०. बस, एवढंच. उंची ८० मिलिमीटर असती तर उत्तर ५.०, पाऊण-एक मिलिमीटर असती तर ३.०.

हीच ती रिश्टरची रीत. चार्ल्स रिश्टर कॅलिफोर्नियात पासाडीना इथल्या प्रयोगशाळेत काम करायचा. त्याच्यापुढे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शेकडो भूकंपांची यादी होती आणि त्यातला कोणता मोठा, कोणता किरकोळ, हे एका आकड्यात सांगता यावं एवढीच त्याची गरज होती. जपानच्या वाडाती या भूकंपशास्त्रज्ञानं त्याआधी अंतर आणि हेलकावा यांचा आलेख काढला होता. रिश्टरनं तो धागा उचलला. आकडे इतके पसरायचे की आलेखात मावेनात, तेव्हा त्याचा सहकारी बेनो गुटेनबर्गनं त्याला लॉग घ्यायला सुचवलं. लेख १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव एकट्या रिश्टरचं राहिलं. गुटेनबर्गवर हा अन्यायच झाला, असं माझं मत आहे.

शून्य कुठे धरायचा हेही रिश्टरनं मनानंच ठरवलं: १०० किलोमीटरवरच्या वूड-अँडरसन यंत्रात, म्हणजे तो वापरायचा त्या भूकंपमापकात, हेलकावा १ मिलिमीटर आला तर तो भूकंप ३ चा, आणि त्याच्या एक-हजारांश आला तर शून्याचा. त्या काळच्या यंत्रांना याहून लहान काही दिसणार नाही, असा त्याचा अंदाज होता. आज दिसतं. खोल विवरात बसवलेली यंत्रं उणे एक, उणे दोन परिमाणाचे (भूकंपाच्या या आकड्याला परिमाण म्हणतात) कण्हणेही टिपतात. उणे भूकंप म्हणजे जमीन उलटी हलली असं नव्हे; रिश्टरच्या शून्यापेक्षा तो लहान, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ज्या यंत्रावर हे सगळं उभं आहे ते जमिनीची हालचाल २,८०० पट मोठी करून दाखवतं, असं त्यानं धरलं होतं. पुढे कोणी नीट मोजून पाहिलं तेव्हा ते सुमारे २,०८० पटच निघालं. तरी मोजपट्टी मोडली नाही, कारण सगळे एकाच यंत्राशी तुलना करत होते. आता ते यंत्र संग्रहालयात आहे. संगणक आजच्या नोंदीवरून "त्या जागी वूड-अँडरसन असतं तर रेघ किती उंच गेली असती" हे काढतो आणि मग जुनाच तक्ता लावतो. वरच्या उदाहरणातली ८ मिलिमीटरची रेघ म्हणजे पुण्यातली जमीन प्रत्यक्षात चार-सहस्रांश मिलिमीटर हलली. केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा भाग.

मात्र तो तक्ता कॅलिफोर्नियाचा आहे. तिथला खडक तरुण आणि भेगाळलेला, लहरी त्यात लवकर विरतात. आपलं दख्खन जुनं, टणक. इथे लहर लांबपर्यंत जोमात जाते. तिकडचा तक्ता इकडे डोळे मिटून लावला तर लांबच्या केंद्रावर भूकंप आहे त्याहून मोठा वाटतो. म्हणून प्रत्येक प्रदेशानं आपापला तक्ता तयार करायचा असतो. त्यातही एका केंद्राचा आकडा कधी खरा मानायचा नाही. काही केंद्रं मऊ मातीवर असतात आणि कायम फुगवून सांगतात. काही केंद्रांच्या दिशेनं त्या भूकंपानं लहरीच कमी सोडलेल्या असतात. दहा-वीस केंद्रांची सरासरी काढली तरी ०.१-०.२ इकडेतिकडे होतंच. ४.४ की ४.५ यावर दोन वाहिन्या भांडतात तेव्हा मला हसू येतं.

खरी अडचण मोठ्या भूकंपांची. ढोल-ताशाचं पथक आठवा. पथक दोन गल्ल्या पलीकडे असलं की ताशाची तडतड ऐकू येत नाही, ढोलाचा धुमका मात्र छातीत बसतो. जमिनीतही तसंच, झटपट हेलकावे वाटेत मरतात, संथ हेलकावे पृथ्वीला फेऱ्या मारतात. आता कल्पना करा, पथकात किती माणसं आहेत हे तुम्हाला फक्त ताशाच्या आवाजावरून सांगायचं आहे. दहा ढोल असोत की शंभर, ताशाचा आवाज तेवढाच. रिश्टरची रीत सेकंदाच्या आतबाहेरचे झटपट हेलकावे पाहते, म्हणून साधारण साडेसहा-सातनंतर ती आंधळी होते. भूकंप कितीही वाढला तरी आकडा पुढे सरकत नाही.

यावर उपाय म्हणून आणखी मोजपट्ट्या आल्या. दूरवरच्या केंद्रात पोहोचणाऱ्या पी लहरीचा पहिला भाग पाहणारी एक, पृष्ठभागावरून पसरणाऱ्या, २० सेकंदांना एक हेलकावा देणाऱ्या लहरी पाहणारी दुसरी. दुसरी जरा लांब जाते, पण आठच्या थोडं पुढे तिचाही श्वास संपतो. तिच्या हिशोबात १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप ८.३ आणि १९६० चा चिलीचा साडेआठच्या आसपास, असे दोघं शेजारी-शेजारी बसायचे. आज आपल्याला माहीत आहे की पहिला ७.९ आणि दुसरा ९.५, ऊर्जेत अडीचशे पट फरक.

तुमच्या किल्लारीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ६.२, ६.३, ६.४ हे तिन्ही आकडे छापलेले सापडतील आणि त्यातला कोणताही खोटा नाही. कोणी पी लहर पाहिली, कोणी पृष्ठलहर, कोणी खाली सांगतो ती रीत वापरली. बातमीत मात्र तिन्हींच्या मागे "रिश्टर स्केल" हेच शेपूट. एकच आकडा वापरायचा असेल तर ६.२ वापरा. का, ते सांगतो.

लहरींची उंची मोजत बसण्यापेक्षा मुळात जे घडलं तेच का मोजू नये? भूकंप म्हणजे जमिनीखालच्या एका भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकणं. मग तीन गोष्टी पुरतात: किती क्षेत्र सरकलं, किती सरकलं, आणि खडक किती ताठ होता. तिन्हींचा गुणाकार म्हणजे भूकंपाचं आघूर्ण, इंग्रजी वळणानं सांगायचं तर मोमेंट. केईती आकी या जपानी शास्त्रज्ञानं १९६४ च्या निगाता भूकंपाच्या संथ लहरींवरून हा गुणाकार १९६६ मध्ये काढून दाखवला. पुढे हिरू कानामोरी आणि थॉमस हँक्स यांनी १९७७ ते १९७९ या काळात त्याला पुन्हा रिश्टरसारख्या आकड्याचं रूप दिलं. सूत्रातले स्थिरांक त्यांनी मुद्दाम असे निवडले की मधल्या भूकंपांचे नवे आकडे जुन्यांशी जुळावेत. लोकांनी तीस-चाळीस वर्षं पाठ केलेले आकडे एका रात्रीत बदलून चालत नाही, हे व्यवहारज्ञान त्यांना होतं. किल्लारीचा ६.२ हा याच रीतीचा आकडा.

हिशोबापुरते गोळाबेरीज आकडे घेऊ. १० किलोमीटर लांब आणि ६ किलोमीटर खोल अशी भेग, सरक १ मीटर. क्षेत्र ६ कोटी चौरस मीटर. खडकाचा ताठपणा साधारण ३ वर दहा शून्यं इतके पास्कल. गुणाकार येतो १८ वर सतरा शून्यं. ठरलेल्या सूत्रात घातला की परिमाण ६.१. म्हणजे किल्लारीच्या जातीचा भूकंप व्हायला एवढीशी भेग पुरते. उलट २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रापासून अंदमानापर्यंत जवळपास १,३०० किलोमीटर भेग उलत गेली आणि ती उलायलाच आठ-दहा मिनिटं लागली. इतक्या लांबट घटनेकडे २० सेकंदांच्या लहरीनं पाहणं म्हणजे पालखी सोहळा किल्लीच्या भोकातून पाहणं.

आघूर्ण काढायला भेगेपर्यंत जावं लागत नाही. ढोलाचा धुमका, म्हणजे शंभर-दोनशे सेकंदांच्या संथ लहरी, जगभरच्या केंद्रांवर पोहोचतातच. संगणक वेगवेगळ्या कल्पित भेगा सरकवून पाहतो आणि कोणत्या सरकीनं अशाच लहरी उमटल्या असत्या ते जुळवतो. भूकंपाआधीच्या आणि नंतरच्या जीपीएस नोंदी आणि उपग्रहाची रडार चित्रं मिळाली तर जमीन प्रत्यक्ष किती सरकली तेही ताडून पाहता येतं. पण संथ लहरींना यायला वेळ लागतो, आणि वेळ नसतो तेव्हा पहिला आकडा झटपट रीतीनंच काढावा लागतो.

२६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी भूज हादरलं. भारतातून जाहीर झालेला आकडा होता ६.९, परदेशातून आला ७.९, आणि सगळं स्थिरावल्यावर ७.६-७.७ वर एकमत झालं. तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच आदळआपट झाली, आकडा दडवला अशीही कुजबुज झाली. दडवण्यासारखं काही नव्हतं. ६.९ ही जवळच्या लहरींवरून काढलेली स्थानिक मोजणी होती आणि ती मोजपट्टी तिथे दमली होती. शब्द एकच, "रिश्टर", म्हणून एकाच पट्टीवर दोघांनी वेगळं मोजलं असं लोकांना वाटलं.

जपानसारख्या देशालाही हे चुकलं नाही. ११ मार्च २०११ ला तिथल्या हवामान संस्थेनं तीन मिनिटांत ७.९ असा अंदाज दिला आणि त्यावर त्सुनामीचा इशारा बेतला: मियागीला ६ मीटर, इवाते आणि फुकुशिमाला ३ मीटर. देशातली संवेदनशील यंत्रं इतकी हलली की नोंद काठाला आपटून कापली गेली. संथ लहरींवरून लगेच आघूर्ण काढायचं तर धड नोंदच हातात नव्हती. आकडा नंतर ८.४, मग ८.८, आणि शेवटी ९.० झाला. इशाऱ्याचे मीटरही वाढवले, पण तोवर कित्येक ठिकाणची वीज गेली होती आणि सुधारलेला इशारा सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही. आकड्याचा दशांश कुठे चुकतो याला एवढी किंमत असू शकते.

इथवर मी "तीव्रता" हा शब्द टाळत आलो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मराठी बातमीत सर्रास लिहितात, "६.२ रिश्टर तीव्रतेचा भूकंप". आमच्या शास्त्रात ही दोन वेगळी मापं आहेत. भूकंप मुळात केवढा होता ते परिमाण; ते एका भूकंपाला एकच. एखाद्या गावात तो केवढा भासला आणि त्यानं काय केलं ती तीव्रता. ती गावागणिक वेगळी, एकाच गावात मळईवर वेगळी आणि खडकावर वेगळी. तीव्रतेच्या पट्टीला यंत्र लागत नाही. मर्कालीची पट्टी १९०२ ची. आपल्याकडे १९६४ ची एमएसके पट्टी वापरतात, १ ते १२ अशी. परिमाणाशी गल्लत नको म्हणून तीव्रता रोमन अंकांत लिहायची पद्धत आहे. जपानमध्ये ० ते ७ अशी स्वतंत्र पट्टी आहे आणि टीव्हीवर आधी तीच येते: या शहरात ५, त्या शहरात ३. भूकंपाचं परिमाण मागून येतं. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते, कारण लोकांना त्यांच्या घराखाली काय झालं ते आधी हवं असतं.

हा भेद आपल्याच राज्यात दिसतो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयना: परिमाण ६.३. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी: ६.२. आकडे जवळपास जुळे, वेळही तीच, माणसं झोपेत. कोयनेत सुमारे १८० माणसं गेली, किल्लारीच्या टापूत आठ ते दहा हजार. परिमाणानं हे सांगितलं नसतं, उलट कोयनेचा आकडा अंमळ मोठाच आहे.

कोयनेत योगायोगानं आणखी एक मोजणी झाली. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या पोटातल्या बोळात त्वरणमापक बसवलेला होता. नाजूक भूकंपमापकं जिथे हतबल होतात तिथे चालेल असं हे दणकट यंत्र. जमिनीला बसलेला झटका गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत मोजतं. त्यावर ०.६३ जी नोंदला गेला. म्हणजे वस्तूच्या वजनाच्या ६३ टक्के इतका जोर तिला आडवा ढकलत होता. त्या काळी जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या मोठ्या झटक्यांपैकी हा एक. धरणाला तडे गेले, धरण उभं राहिलं, आणि ती नोंद आजही धरण बांधणारे अभियंते आपल्या गणितात वापरतात. घर बांधणाऱ्याच्या कामाचा आकडा हा आहे, परिमाण नव्हे.

किल्लारीत असं यंत्र जवळपास कुठेच नव्हतं. कोणी कशाला ठेवेल. तो भाग देशाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पट्टा पुढे २००२ मध्ये नकाशातून काढूनच टाकला. त्यामुळे तिथली तीव्रता पडलेल्या भिंतींवरून वाचावी लागली. मी अशा पाहणीत हिंडलो आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, लोक विसर्जन करून उशिरा झोपलेले. तेरणाकाठच्या काळ्या मातीवर दाट गावं, माळवदाची घरं: वर मातीचा जाड थर, पावसाळ्याआधी दरवर्षी त्यात भर घातलेली. खाली गोल धोंड्यांची दोन पदरी भिंत, दोन्ही पदर बांधून ठेवणारा लांब दगड मधे कुठेच नाही. जमीन हलली तसे पदर सुटून बाहेर फुगले आणि वरचं माळवद खाली बसलं. भेगही उथळ, जमिनीवर तिची चिरी उमटलेली दिसत होती. तीव्रता मधल्या गावांत ८ ते ९ भरली, पण थोडं दूर गेलं की झपाट्यानं उतरत होती.

पाहणीत आम्ही प्रश्न विचारायचो ते पट्टीतूनच आलेले, फक्त बोली तिथली. उतरंड कोसळली का? टांगलेला पाळणा हलला का? झोपलेले जागे झाले की जागेच होते? गुरं दावं तोडायला लागली का? विहिरीचं पाणी गढूळ झालं का? भिंतीला केसाएवढी चीर की हात जाईल एवढी? आणि प्रत्येक वेळी घर कशाचं, हे आधी लिहायचं. कारण धोंड्यामातीचं घर पडणं आणि सिमेंटचं घर पडणं यांत दोन-तीन अंशांचा फरक असतो. यंत्रं नव्हती तेव्हाचे भूकंपही असेच मोजतात: जुन्या दप्तरांतून कुठलं देऊळ कुठवर पडलं ते शोधायचं, नकाशावर सारख्या तीव्रतेच्या रेषा काढायच्या आणि त्यांनी व्यापलेल्या क्षेत्रावरून परिमाणाचा अंदाज बांधायचा. १८९७ च्या आसामच्या भूकंपात दगड जमिनीवरून उसळून वर फेकले गेल्याच्या खुणा ओल्डहॅम या ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञाला सापडल्या. दगड उसळला, म्हणजे जमिनीनं दिलेला झटका एका जीपेक्षा मोठा. यंत्राविना काढलेलं इतकं चोख माप मला दुसरं आठवत नाही.

तर तुमच्याकडे परिमाण ४.५ होतं, आणि मांडणीवरचे डबे पडले म्हणजे तुमच्या घरातली तीव्रता एमएसके पट्टीवर ५ च्या वर, कदाचित ६ ला टेकलेली. पक्कं सांगायला मला थोडं आणखी लागेल. घर धोंड्यामातीचं, विटांचं की स्लॅबचं? तुम्ही तळमजल्यावर होता की वर? पडलेले डबे भरलेले होते की रिकामे, आणि मांडणी कुठल्या दिशेच्या भिंतीला लागून होती? समोरच्या भिंतीवरचं काही पडलं का? हे आजच मुलाला वहीत तारखेसह लिहून ठेवायला सांगा, आणि पुढचा धक्का बसला तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे त्याच दिवशी कळवा. आठवडा गेला की डबे किती पडले याचा आकडा सगळ्यांच्या घरी वाढतो, हा माझा अनुभव आहे.